भिंतीवरची दर्शनी हुंडी

ज्या इमारतीत मी नोकरीची अकरा वर्षे काढली, त्याच इमारतीत गेल्या पावसाळ्यात मी वाट चुकलो. दुसऱ्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावलेला होता. जिना चढून वर गेलो, सवयीने डावीकडे वळलो आणि थेट एका वकिलांच्या कचेरीत शिरलो. माफी मागून बाहेर पडलो, उजवीकडे गेलो, तर समोर कोरी भिंत. माझ्या वेळी तिथे दार होते. दहा मिनिटे अशी गेल्यावर झेरॉक्सवाल्याच्या पोऱ्याने मला दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन सोडले आणि जाता जाता विचारले, "आजोबा, पहिल्यांदाच आलात वाटतं?" काय सांगणार? मघाशी ज्या वकिलांची माफी मागितली, त्यांचे टेबल बरोबर माझ्या जुन्या खुर्चीच्या जागी होते.

साताऱ्याच्या एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवरची, तळमजला आणि वर तीन मजले अशी ही इमारत. २०२० साली सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांची मोठी विलीनीकरणे झाली, तेव्हा आमची बँक दुसरीत मिसळून गेली. एकाच रस्त्यावर एकाच बँकेच्या दोन शाखा कशाला, म्हणून आमची शाखा आणि वरचे कार्यालय उठले. काही वर्षे इमारत पारव्यांच्या ताब्यात होती. मग एका विश्वस्त संस्थेने ती घेतली, आतल्या भिंती पाडल्या, नव्या बांधल्या आणि वेगवेगळ्या कचेऱ्यांसाठी जागा काढल्या. तळमजल्यावर दाखले काढून देणारे सेवा केंद्र आणि झेरॉक्सचे दुकान, पहिल्यावर करसल्लागार आणि विम्याची कचेरी, दुसऱ्यावर वकील आणि संस्थेचा डोळ्यांचा दवाखाना, तिसऱ्यावर स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका.

योगायोग असा, की या इमारतीच्या पाट्या आणि तिचे ओळखचिन्ह तयार करण्याचे काम माझ्या भाचीकडे आले. "मामा, तुम्ही तिथं होतात ना? मग शनिवारी माझ्याबरोबर चला," असा तिचा फोन. मला वाटले, पाट्यांना असे काय लागते? पेंटरला बोलावले की दोन दिवसांत उरकून टाकेल. प्रत्यक्षात चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मला जे उमगले, ते चौतीस वर्षांच्या नोकरीत उमगले नव्हते.

पहिल्याच शनिवारी तिने माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "जुन्या बँकेचा नकाशा काढा. आठवेल तसा." ही युक्ती केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराची. त्याने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतल्या रहिवाशांना आपापल्या शहराचे नकाशे आठवणीने काढायला लावले आणि त्यावरून १९६० साली 'द इमेज ऑफ द सिटी' हे पुस्तक लिहिले. माणसाच्या मनातले शहर आणि जमिनीवरचे शहर ही दोन वेगळी असतात. मनातल्या नकाशात रस्ते, कडा, वस्त्या, चौक आणि खुणेच्या जागा एवढेच उरते, असा त्याचा निष्कर्ष.

मी मोठ्या तब्येतीत नकाशा काढला. मॅनेजरची केबिन, स्ट्राँगरूम, लेजरची कपाटे, आमची जेवणाची खोली, मागचा जिना. भाचीने तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "मामा, गिऱ्हाईक कुठं उभं राहायचं?" तो सगळा हॉल मी आगपेटीएवढा काढला होता. "आणि त्यांना लघवीला जायचं झालं तर?" गिऱ्हाइकांसाठी सोयच नव्हती. एवढ्या वर्षांत ते माझ्या ध्यानातही आले नव्हते, कारण मला कुठे जायचे ते ठाऊक होते.

खरे सांगायचे तर त्या काळी आमच्या इमारतीला पाट्यांची निकड भासत नव्हती, कारण दाराशी शिपाई होता. कोण पेन्शनर, कोण सोने तारण ठेवायला आलेला, हे तो चेहऱ्यावरून ओळखी. "अण्णा, तुमचं काम वर. जावळीकर, तुम्ही इथंच बसा." तोच नकाशा, तोच बाण, तीच पाटी. पण त्या पाटीला मर्जी होती. ओळखीच्याला ती लगेच वाट दाखवी आणि अनोळख्याला तासभर ताटकळत ठेवी. आता तो शिपाई निवृत्त झाला आणि त्याची जागाही. दाराशी कंत्राटदाराचा रखवालदार असतो, तो दर महिन्याला बदलतो आणि त्यालाच इमारत नवी असते. आता भिंतींनीच बोलायला हवे.

आमच्या भिंती बोलत नव्हत्या असे नाही, पण काय बोलत होत्या? 'विनापरवाना आत येऊ नये.' 'काउंटरवर टेकू नये.' 'सुट्ट्या पैशांसाठी वाद घालू नये.' पुणेरी पाट्यांची आपण चेष्टा करतो, पण महाराष्ट्रातली बहुतेक कार्यालये त्याच घराण्यातली. काय करू नये ते ठळक अक्षरांत लिहिलेले असते. आता कुठे जावे, याचा पत्ता नसतो.

आमच्याकडे वाट दाखवणारी म्हणावी अशी एकच पाटी होती : 'चौकशी'. तिची गोष्ट सांगतो. १९९० च्या सुमाराची असेल. पाटणच्या बाजूच्या खेड्यातल्या एक बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. नवरा वारलेला, त्याच्या खात्यावर थोडी रक्कम पडून होती. सकाळी अकराच्या सुमारास त्या भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. दुपारी तीनला व्यवहार बंद झाला तेव्हाही तिथेच होत्या. शिपायाने सांगितले, की गेल्या आठवड्यातही येऊन अशाच बसून गेल्या. मी उठून विचारले, "मावशी, समोर चौकशीची खिडकी आहे, तिथं का नाही गेलात?" त्या काहीच बोलेनात. नातू म्हणाला, "आजी म्हणती, आपण काय गुन्हा केलाय का?"

आमच्या लेखी चौकशी म्हणजे माहिती. त्यांच्या गावात चौकशी म्हणजे फौजदार. सोसायटीच्या सेक्रेटरीची चौकशी लागते, तलाठ्याची चौकशी लागते. अक्षरे सुबक होती, पाटी उजेडात होती, नातवाला वाचताही येत होते. तरीही त्या पाटीने बाईंना दोन दिवस बाकाला खिळवून ठेवले. मी त्यांचे काम करून दिले आणि तो किस्सा पुढे कित्येक वर्षे चहाच्या वेळी हसत हसत सांगितला. पाटी मात्र बदलली नाही. तो माझ्या अखत्यारीतला विषय नव्हता, असे मी स्वतःला सांगत असे.

आपली भाषाही या बाबतीत माणसाच्याच माथी दोष मारते. आपण 'वाट चुकलो' म्हणतो. चूक माझी. वाटेने मला चुकवले, असे कोणी म्हणत नाही. म्हणून कचेरीत चुकलेला माणूस तक्रार करत नाही, ओशाळतो. ज्याला इंग्रजी येते, ज्याच्या अंगावर इस्त्रीचे कपडे आहेत, तो बिनदिक्कत कुणालाही विचारतो. ज्याला विचारण्याचीच भीती वाटते, त्याला पाटीची खरी गरज. पाट्या नीट नसल्या, की नेमक्या त्या माणसाचा दिवस बुडतो, एसटीचे भाडे बुडते आणि त्याचा हिशेब कुठल्याच वहीत लागत नाही.

भाचीची काम करण्याची रीत मला आधी पोरखेळ वाटली. तीन दिवस ती दाराजवळ स्टूल टाकून बसली आणि आलेला माणूस काय विचारतो, कुठे थबकतो, कुठून मागे फिरतो, ते वहीत टिपत राहिली. माणसे सगळीकडे थबकत नव्हती. आत शिरल्याबरोबर, जिन्याच्या पायथ्याशी, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर आणि दुसऱ्या मजल्यावर बोळ दुभंगतो तिथे. या चार जागी नेमका निर्णय घ्यावा लागतो. आणि पाट्या लावायला कंत्राटदाराने सुचवलेल्या जागा होत्या बोळाच्या मधोमध, कारण तिथे भिंत मोकळी होती.

मग तिने कागदी पाट्या लावल्या. छापील पाटीवर पैसे घालण्याआधी कागदाची लावून पाहायची, चार दिवस निरीक्षण करायचे, फाडायची, दुसरी लावायची. पहिला फज्जा माझ्याच सूचनेचा उडाला. दवाखाना सरळ पुढे आहे हे दाखवायला मी वर टोक केलेला बाण सुचवला होता. तो जिन्याशेजारी लागला आणि निम्मी माणसे तिसऱ्या मजल्यावर अभ्यासिकेत जाऊन पोचली. वर टोक म्हणजे 'वर चढा', असेच त्यांनी वाचले, आणि त्यांचे काय चुकले? रस्त्यावरच्या फलकावर तो बाण 'सरळ' असे सांगतो, कारण तिथे जिना नसतो. शेवटी बाण जिन्यापासून दूर, बोळाच्या तोंडाशी नेला आणि त्याखाली 'सरळ पुढे' असे दोन शब्द लिहिले.

शब्दांवरून तर आमची रीतसर भांडणे झाली. विश्वस्तांनी दिलेल्या यादीत 'उद्वाहन', 'प्रसाधनगृह', 'नेत्रचिकित्सा विभाग' असे शब्द होते. मराठी शुद्ध असावी याबद्दल माझे दुमत नाही. पण आमच्या बँकेत कर्जाच्या खात्याला 'अग्रिम विभाग' म्हणत आणि त्या पाटीखाली उभे राहून शेतकरी विचारत, "कर्ज कुठं मिळतं, साहेब?" अग्रिम हा शब्द त्याला परका आणि कर्ज त्याच्या सात पिढ्यांच्या ओळखीचे. तेव्हा 'लिफ्ट', 'शौचालय', 'डोळ्यांचा दवाखाना' असेच लिहायचे ठरले. 'चौकशी'च्या जागी भाचीने दोन शब्द सुचवले : 'इथे विचारा'. मी एक शब्दही बोललो नाही.

मराठी पाट्यांचा कायदा आपल्याकडे आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी नामफलक बंधनकारक झाला आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नसावे असेही ठरले. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. हे योग्यच झाले. पण हा कायदा दाराबाहेरच्या नावापुरता. दाराच्या आत मराठी माणसाला वाट सापडते की नाही, हे पाहायला कोणी येत नाही. शिवाय अक्षराचा आकार ही फसवी गोष्ट आहे. देवनागरीत वेलांटी आणि मात्रा वर जातात, उकार खाली लोंबतात. त्यामुळे संगणकावर दोन्ही लिप्यांना एकच आकडा दिला तरी मराठी अक्षराचा मधला गाभा इंग्रजी मोठ्या अक्षरापेक्षा लहान पडतो. दहा फुटांवरून सुखाने वाचायला अक्षर इंचभर उंच हवे, असा एक ढोबळ हिशेब आहे. भाचीने तो इंच वेलांटी-उकार सोडून मोजला. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आयुष्यभर देवनागरीच्या वळणांचा अभ्यास केला, संगणकासाठी 'मंगल' हा टंक घडवला. अशी परंपरा असताना आपण पाट्यांवर अक्षरे दाटीवाटीने कोंबतो आणि शिरोरेषेवर वरच्या ओळीचे उकार चढवतो, याचे वाईट वाटते.

"इतकं कशाला? चित्रं लावा, वाचायची भानगडच नको," असे एका विश्वस्तांचे म्हणणे. चित्रांचे सामर्थ्य आपल्या देशाइतके कोणी अनुभवले असेल? १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लिहिता-वाचता न येणारे कोट्यवधी मतदार होते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी आणि तिच्यावर चिन्ह अशी व्यवस्था केली गेली. १९६९ साली मेक्सिको शहरात भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा लान्स वायमन याच्या कल्पनेतून प्रत्येक स्थानकाला स्वतःचे चित्र मिळाले. चापुल्तेपेकला टोळ, इन्सुर्हेंतेसला घंटा. वाचता न येणारा माणूसही 'टोळावर उतर' असे सांगू शकतो. आपल्या मुंबईचे डबेवाले डब्याच्या झाकणावरच्या रंगांवर, अक्षरांवर आणि आकड्यांवर विसंबून एवढा कारभार हाकतात.

पण चित्रही तपासून घ्यावे लागते. दवाखान्यासाठी आम्ही डोळ्याचे चित्र लावले. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांना विचारले, हे कशाचे? ते म्हणाले, "कॅमेरा बसवलाय, नीट वागा, असं सांगतंय." चष्म्याचे चित्र लावल्यावर घोटाळा मिटला. मजल्यांना रंग द्यायचे ठरले, तर भगवा, हिरवा, निळा या प्रत्येकावर कोणीतरी भुवई उंचावली. महाराष्ट्रात निव्वळ रंग असा उरलेलाच नाही! शिवाय काहींना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही. म्हणून रंग सोबतीला ठेवला आणि भिस्त टाकली आकड्यावर. दुसऱ्या मजल्यावरची प्रत्येक खोली दोनपासून सुरू होणार, एका बाजूने ओळीने. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर सार्वजनिक इमारतींत अंधांचा विचार करणे ऐच्छिक राहिलेले नाही. तेव्हा लिफ्टपाशी आणि खोल्यांच्या दारांशी बोटांनी वाचता येतील असे उठावाचे आकडे आणि ब्रेल. डोळ्यांच्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत थेंब घातलेले असतात. पुढचे काही तास त्याला जवळचे धड दिसत नाही. आल्या वाटेने तो परत कसा जाणार, याचा विचार करून उतरण्याच्या वाटेवरचे आकडे वीतभर उंचीचे केले.

ओळखचिन्हाची कथा निराळी. विश्वस्तांना इमारतीला काचेच्या मनोऱ्याला शोभेल असे इंग्रजी नाव आणि पंख पसरलेला पक्षी हवा होता. रिक्षावाल्याला ते नाव सांगून पाहिले. तो म्हणाला, "म्हणजे जुन्या बँकेत ना?" लोकांच्या तोंडात बसलेले नाव उपटून काढता येत नाही. मग दुरुस्ती चालू असताना स्ट्राँगरूममध्ये एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात आमची जुनी पितळी टोकने होती. गोल, मधोमध आकडा, हाताळून गुळगुळीत झालेली. विलीनीकरणाच्या कुठल्याच यादीत ती बसली नसावीत. भाचीने एक टोकन भिंतीला टेकवून पाहिले. तेच इमारतीचे चिन्ह झाले : पितळी रंगाचे वर्तुळ, त्यात आकडा. दारावर इमारतीचा, जिन्यात मजल्याचा, बोळात खोलीचा. सेवा केंद्राच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने ते ओळखले आणि म्हणाला, "टोकन का? म्हंजे दुपार गेली!" त्याचेही खरे होते. चिन्ह काढणाऱ्याच्या मनात एक असते, पाहणाऱ्याच्या आठवणीत दुसरे.

इथवर सगळे गोडीगुलाबीने चालले होते. खरा प्रसंग आला तो मागच्या जिन्यावरून.

बँकेची इमारत बांधतानाच अशी बांधतात, की आतून पैसे घेऊन कोणी सहजी पळू नये. एकच मोठे दार, खिडक्यांना गज, मागच्या जिन्याला लोखंडी जाळी आणि तिला कुलूप. बँकेपुरते ते ठीक होते. पण त्याच सांगाड्यात आता दिवसाला शेकडो माणसे येणार. अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत मुले बसणार. इमारतीचा उपयोग बदलतो तेव्हा भिंतींचा अर्थही बदलतो. १९७२ च्या मे महिन्यात जपानमधल्या ओसाका शहरात सेन्निची नावाच्या दुकानसंकुलाला रात्री आग लागली. ती इमारत मूळची कबुकी नाट्यगृहाची, पुढे बदल करून दुकानांची केलेली. आग खालच्या मजल्यावर लागली आणि सातव्या मजल्यावरच्या कॅबरेतली माणसे धुरात सापडली. ११८ जण गेले. अशा दुर्घटनांनंतर जपानने बाहेर पडण्याच्या खुणेचा नव्याने विचार केला आणि त्यातून दारातून धावत निघालेला तो हिरवा माणूस जन्माला आला. युकिओ ओटा या आरेखनकाराच्या नावाशी ते चिन्ह जोडलेले आहे. १९८० च्या दशकात ते आंतरराष्ट्रीय मानकात गेले. चित्रपटगृहात, विमानतळावर आपण रोज पाहतो तो हाच. आणि आपल्याकडे मुंबईत, कापडगिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या कचेऱ्या आणि उपाहारगृहांत, कमला मिलमध्ये, २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहापाशी गुदमरून मेले.

विश्वस्तांनी मागच्या जिन्यावर हिरव्या माणसाची पाटी लावायला सांगितली, कारण तपासणीला ती लागते. जाळीचे कुलूप मात्र तसेच ठेवायचे होते. भुरटे चोर शिरतात, किल्ली रखवालदाराकडे असतेच, असा युक्तिवाद. भाची म्हणाली, "कुलूप निघेपर्यंत मी ती पाटी लावणार नाही." काम अर्धे झालेले, अर्धे बिल अडकलेले. मला मध्यस्थीला बोलावले. मी व्यवहारी माणूस, तिला बाजूला घेऊन म्हणालो, "पाटी लाव, कुलपाचं त्यांचं ते बघतील. तुझं काम पाटीपुरतं." तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मामा, खात्यात पैसे नाहीत हे माहीत असताना तुम्ही डिमांड ड्राफ्ट दिला असतात?"

बँकवाल्याला यापुढे काय बोलता येणार? आपल्या जुन्या सावकारीत दर्शनी हुंडी असे. हुंडी दाखवली की त्याच क्षणी रक्कम मोजून द्यायची. उद्या या, शेटजी गावाला गेलेत, हे चालत नसे. हुंडी परत गेली की पेढीची पत गेली. भिंतीवरची पाटी ही अशीच दर्शनी हुंडी आहे. वाचणारा तिच्यावर विसंबून पाऊल टाकतो, आणि त्याच क्षणी ती वटली पाहिजे. बाणाच्या टोकाशी दवाखाना असला पाहिजे, 'इथे विचारा' खाली उत्तर देणारे माणूस असले पाहिजे आणि हिरव्या माणसाच्या पुढ्यात उघडणारे दार असले पाहिजे. कुलपावरची हिरवी पाटी ही पाटी नसण्याहून वाईट. पाटी नसती तर धुरात माणूस दुसरी वाट तरी शोधेल.

मी विश्वस्तांच्या बैठकीत गेलो आणि प्रथमच भाचीच्या बाजूने बोललो. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाला किंवा भोगवटादाराला द्यावे लागते. "त्या कागदाखाली सही तुमच्यापैकी कुणाची?" एवढेच विचारले. खोलीत शांतता पसरली. तीन आठवडे खल झाला. अखेर जाळी निघाली आणि आतून दांडी ढकलली की उघडणारे, बाहेरून मात्र बंद राहणारे दार बसले. चोरही बाहेर, माणसेही सुखरूप. मग पाटी लागली.

आज गावोगावी हेच चालले आहे. गिरण्यांच्या कचेऱ्या होतात, चित्रपटगृहांची दुकाने होतात, बँकांचे दवाखाने आणि वाड्यांचे क्लासेस होतात. जुनी इमारत पाडण्यापेक्षा तिला नवे आयुष्य देणे केव्हाही चांगले. पण या साऱ्या खर्चात फरशी आधी येते, मग वातानुकूलन, मग उद्घाटनाचा मांडव. पाट्या आदल्या रात्री फ्लेक्सवर छापून येतात. माझे म्हणणे इतकेच, की पाट्यांचा विचार भिंती बांधण्याआधी व्हावा. अभियंत्याबरोबरच पाट्यांचे काम जाणणारा माणूस पहिल्या बैठकीला असावा. कागदी पाट्या लावून, कधी न आलेल्या माणसाला आत सोडून पाहावे. आणि नगरपालिकेच्या तपासनिसाने हिरवी पाटी मोजून न थांबता तिच्यामागचे दार एकदा ढकलून बघावे. याला फार पैसे लागत नाहीत. पुढच्या वेळी आपल्या सोसायटीचा, मुलांच्या क्लासचा मागचा जिना उघडा आहे की तिथे जुन्या सायकली आणि रद्दी रचली आहे, हे घरच्यांनीही एकदा पाहून यावे.

गेल्या महिन्यात चष्म्याचा नंबर काढायला मी पुन्हा तिथे गेलो. सगळे आदर्श झाले आहे असे मुळीच नाही. वकिलांनी आपल्या नावाचा मोठा फ्लेक्स जिन्यातल्या आकड्यावरच लावला आहे. दारावरचे पितळी वर्तुळ एका स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली अर्धे झाकले गेले आहे. 'इथे विचारा' या पाटीखाली एक मुलगी बसली होती. माझ्यासमोरच एक शेतकरी आला, पाटी नीट वाचली आणि तिला म्हणाला, "ताई, चौकशीची खिडकी कुठं?" तिने हसून त्याला बसायला खुर्ची दिली. मी भाचीला हे फोनवर सांगितले, तर तिने ते लगेच वहीत टिपून घेतले.

निघताना समोरच्या दाराने गेलो नाही. मागच्या जिन्याने उतरलो, हिरव्या माणसाखाली उभा राहिलो आणि दांडी ढकलली. दार उघडले.